हात थांबू न देता सीपीआर मशीन कसं लावायचं: तालुक्याच्या दवाखान्यासाठी आणि रुग्णवाहिकेसाठी

रात्री दोनला वॉर्डात अरेस्ट आला, म्हणजे कुणाचं हृदय अचानक बंद पडलं, तर तालुक्याच्या दवाखान्यात हजर किती जण असतात? एक ड्युटी डॉक्टर, एक सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय). छाती दाबायला एक हवा, अंबू (श्वास देणारी हाताने दाबायची पिशवी) धरायला एक, शिरेत औषध द्यायला एक, शॉक मशीनपाशी एक आणि वेळ लिहायला एक. हिशेब तिथेच तुटतो. त्यात दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला असं प्रशिक्षणात सांगितलेलं असतं, आणि ते उगाच नाही: दाबणाऱ्याला स्वतःला दम लागल्याचं कळायच्या आधीच त्याच्या दाबाची खोली घसरलेली असते. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी खोल, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देत अर्धा तास दाबणं तिघांच्या पथकाच्या आवाक्यातलं काम नाही.

छाती दाबणारं, म्हणजे सीपीआरचं, मशीन अशा ठिकाणी कामाला येतं. मात्र ते लावायची पद्धत चुकली तर नसलेलं बरं, इतकं नुकसान पहिल्या मिनिटातच होतं. म्हणून या लेखात बराचसा भर त्या एका मिनिटावर आहे. लेख डॉक्टर, सिस्टर, ब्रदर आणि रुग्णवाहिकेवरच्या मंडळींसाठी आहे. घरी किंवा शेतात कुणी कोसळलं तर मशीनची वाट बघायची नाही. १०८ ला फोन लावायचा आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला लागायचं. व्हीएफमध्ये (हृदय पंप न करता नुसतं थरथरत असताना) कुणीच दाबलं नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. तोवर कुणी हात लावलेलाच नसेल तर मागून आलेल्या कितीही महागड्या मशीनला करण्यासारखं फारसं उरत नाही.

मशीनकडून काय अपेक्षा ठेवायची

मशीन न थकता, एकसारखं दाबतं, म्हणजे जास्त लोक वाचत असतील असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसं निघालं नाही. लिंक नावाच्या चाचणीत (२०१४) स्वीडन, नेदरलँड्स आणि ब्रिटनमधले २,५८९ रुग्ण होते. चार तासांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण मशीनच्या गटात २३.६ टक्के, हाताच्या गटात २३.७ टक्के. ब्रिटनमधल्या पॅरामेडिक चाचणीत (२०१५) ४,४७१ रुग्ण होते. तीस दिवसांनी मशीनच्या गटातले ६ टक्के जिवंत होते, हाताच्या गटातले ७ टक्के. पट्ट्याच्या मशीनवर झालेल्या सर्क चाचणीतही (२०१४) दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या. अमेरिकन हार्ट असोसिएशननं म्हणूनच २०२० मध्ये स्पष्ट लिहिलं की सरसकट हे मशीन वापरू नका. हाताने नीट दाबणं अवघड किंवा दाबणाऱ्यालाच धोकादायक असेल तिथे विचार करा: माणसं कमी आहेत, सीपीआर लांबणार आहे, गाडी चालू आहे, कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफीच्या खोलीत) टेबलावर अरेस्ट आलाय. आणि तेव्हाही मशीन लावताना व काढताना खंड अगदी कमी ठेवा.

माझं मत असं की या चाचण्यांमध्ये मशीनची तुलना प्रशिक्षित, पुरेशा माणसांच्या पथकाशी होती. आपल्याकडे रात्री दोनला मशीनची तुलना त्या पथकाशी नसते, दमलेल्या एकट्या मामाशी असते. तिथे मशीन उजवं ठरावं. पण हे माझं अनुमान आहे, चाचणीचा निकाल नव्हे, आणि खरेदीच्या फाइलवर ते निकाल म्हणून लिहू नका.

खरेदीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. हे मशीन लाखांच्या घरात जातं. दवाखान्यात चालू स्थितीतलं डिफिब्रिलेटर (शॉक मशीन) नसेल, त्याचे पॅड मुदत संपलेले असतील, श्वासनलिकेत ट्यूब टाकल्यावर लावायला कॅप्नोग्राफ (बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) नसेल, तर पैसा आधी तिकडे घाला. व्हीएफमधला माणूस शॉकने परत येतो. मशीन फक्त शॉक मिळेपर्यंत आणि कारण सापडेपर्यंत मेंदूला रक्त पोचवत राहतं. देणगीदाराला मोठं मशीन दिलेलं आवडतं, पॅडचं पाकीट दिलेलं आवडत नाही, ही अडचण मलाही ठाऊक आहे.

दोन जातींची मशीनं

एक दट्ट्याचं. ल्यूकस हे त्यातलं सगळ्यात माहितीतलं नाव, स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातून आलेलं. पाठीखाली एक पातळ प्लेट, वर कमानीसारखा भाग, कमानीच्या मध्यातून खाली येणारा दट्ट्या आणि त्याच्या टोकाला रबरी सक्शन कप. आधीचं मॉडेल दाबाच्या हवेवर चालायचं, आता बॅटरीवर चालतं. साधारण ५३ मिमी खोल, मिनिटाला १०२ वेळा दाबतं. नव्या मॉडेलमध्ये वेग वाढवता येतो. वजन आठ किलोच्या आसपास.

दुसरं पट्ट्याचं, उदाहरणार्थ ऑटोपल्स. रुग्ण फळीवर झोपवायचा, छातीवरून रुंद पट्टा घ्यायचा, फळीतली मोटर तो पट्टा आवळते आणि सोडते. हे मिनिटाला ८० वेळा दाबतं आणि छातीची जाडी सुमारे २० टक्क्यांनी कमी करतं. सवय नसलेल्या माणसाला ८० चा वेग बघून मशीन बिघडलंय असं वाटतं. बिघडलेलं नसतं, त्याची रचनाच तशी आहे.

मराठवाड्यातल्या खासगी दवाखान्यांत आणि रुग्णवाहिकांत दट्ट्याचीच मशीनं जास्त दिसतात, भारतीय बनावटीचीही आता येऊ लागली आहेत, म्हणून पुढची पद्धत मुख्यतः दट्ट्याच्या मशीनची. तुमच्या मॉडेलची बटणं, खटके आणि मापं त्याच्या पुस्तिकेतून पडताळून घ्या.

कुणाला लावायचं नाही

लहान मुलाला नाही. हे प्रौढांसाठीचं मशीन आहे. ल्यूकसमध्ये छातीची उंची, म्हणजे पाठीपासून उरोस्थीपर्यंतचं (छातीच्या मधल्या हाडापर्यंतचं) अंतर, १७ ते ३०.३ सेंमीच्या दरम्यान आणि छातीची रुंदी जास्तीत जास्त ४४.९ सेंमी चालते. टेप घेऊन मोजत बसायचं नसतं. कप पूर्ण खाली आणूनही छातीला टेकत नसेल तर माणूस फार बारीक आहे. छाती दाबल्याशिवाय कमान खाली अडकतच नसेल तर माणूस फार जाड आहे. दोन्ही वेळा मशीन बाजूला आणि हात सुरू. उशी घालून, कापडाची घडी ठेवून जुगाड करायचा नाही. ऊसतोडीवरून आलेला, कुपोषणाने हाडं वर आलेला पन्नाशीचा माणूस या मापात न बसण्याची शक्यता खरी आहे. ती आधीच डोक्यात ठेवा.

गरोदर बाईला मशीन नको. हाताने दाबायचं, पोट हाताने डावीकडे सरकवून धरायचं, आणि पाच महिन्यांच्या पुढची असेल तर सिझेरियनचा निर्णय मिनिटांत घ्यायचा. अपघातात छाती चेचलेल्या रुग्णात कारण रक्तस्राव किंवा फुफ्फुसाभोवती अडकलेली हवा हे असतं; तिथे मशीन लावण्यात घालवलेला वेळ सुई टाकण्यात आणि रक्त थांबवण्यात घालवा.

आणि एक नकार वैद्यकीय नाही, माणुसकीचा आहे. शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर, घरच्यांनी आधीच विचार करून आम्हाला हे नको असं सांगितलेलं, असा रुग्ण. मशीन आहे म्हणून ते लावलंच पाहिजे असं नाही.

ड्युटी बदलताना

मशीन पिशवीत कपाटावर ठेवलेलं असेल तर ते नाहीच समजा. कॅज्युअल्टीत, ट्रॉलीच्या हाताला येईल असं ठेवायचं. दर ड्युटीला एकाने पिशवी उघडून बघायचं: बॅटरी पूर्ण भरली आहे का, दुसरी बॅटरी जागेवर आहे का, कप बसवलेला आहे का, राखीव कप आहेत का, मानेमागचा पट्टा आणि मनगटाचे पट्टे आहेत का, प्लेट पिशवीत आहे का. प्लेट विसरणं जास्त होतं, कारण मागच्या वेळी ती रुग्णासोबत स्ट्रेचरवर जिल्ह्याला गेलेली असते.

ल्यूकससारख्या मशीनची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर साधारण ४५ मिनिटं चालते. भारनियमनाच्या गावात चार्जर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, नाहीतर रात्री चार्जिंगला लावलेली बॅटरी सकाळी अर्धीच निघते. भिंतीच्या विजेवर चालवतानाही आत बॅटरी बसवलेली असावीच लागते, हे नव्या माणसाला सांगून ठेवा. आणि उन्हाळा. अशा मशीनचं कामकाजाचं तापमान ० ते ४० अंश असं दिलेलं असतं. एप्रिल-मे मध्ये परभणी-नांदेडकडे सावलीतच पारा ४२ च्या वर जातो. उन्हात बंद उभ्या रुग्णवाहिकेच्या आत काय असेल ते बघा. दुपारी गाडी झाडाखाली लावणं पुरत नाही. फेऱ्यांच्या मधल्या वेळेत मशीन आणि बॅटऱ्या आत, पंख्याखाली आणून ठेवायच्या. पायलटला (गाडीच्या चालकाला) हे काम दिलं की तो विसरत नाही, असा अनुभव आहे.

लावायची पद्धत

अरेस्ट ओळखला: हाक मारली, हलवलं, प्रतिसाद नाही; श्वास नाही किंवा नुसतं गॅस्पिंग (तुटक आचके); नाडी दहा सेकंदांत लागत नाही. लगेच हाताने सुरुवात. मशीन आणा असं सांगायचं, पण मशीन येईपर्यंत आणि आल्यावरही हात चालूच. मशीन आणायला जाणारा वेगळा आणि दाबणारा वेगळा. शॉकचे पॅड याच वेळी लावून घ्या: एक उजव्या हसळीखाली, दुसरा डाव्या काखेखाली बाजूला. नंतर कमान आल्यावर जागा मिळत नाही, आणि पॅड किंवा त्याची वायर कपाखाली येता कामा नये. पहिला शॉक द्यायचा असेल तर तो मशीनसाठी थांबवू नका.

छाती उघडी करायची. शर्ट, बंडी, ब्लाऊज कापा. मंगळसूत्र, साखळी, काळा दोरा, ताईत बाजूला. सोनं असेल तर दोघांसमोर नातेवाइकाच्या हातात देऊन वेळ लिहा. मग छाती पुसा. हे मी मुद्दाम सांगतो. छातीत दुखतंय म्हणून घरच्यांनी बाम नाहीतर गरम तेल चोळलेलं असतं, वर घाम. त्यावर रबरी कप ठेवला की तो दहा-वीस दाबांत पोटाकडे सरकतो आणि मशीन इमानदारीत लिव्हर दाबत बसतं. कोरड्या गॉझने दोनदा पुसलं की हे टळतं. पुसणं हाताच्या दाबांच्या कडेकडेने होतं, त्यासाठी थांबावं लागत नाही.

मशीन पिशवीत असतानाच चालू करा. ते स्वतःची तपासणी करून तयार होतं, तेवढा वेळ फुकट मिळतो.

आता प्लेट. हा पहिला खंड. तो रिदम (मॉनिटरवरची हृदयाची लय) बघायला आपण तसेही थांबणार असतो त्याच क्षणी घ्या, म्हणजे वेगळा खंड पडत नाही. दोघं दोन बाजूंना, एक डोक्यापाशी. डोक्यापाशी असलेला मोठ्याने म्हणतो, "तीन म्हटलं की खांदे वर." दोघं एकेक खांदा उचलतात, डोक्यापाशी असलेला मान सांभाळतो, प्लेट डोक्याकडून सरकते आणि काखेच्या लगेच खाली बसते. खांदे खाली, हात पुन्हा छातीवर. हे दहा सेकंदांच्या आत व्हायला हवं. प्लेट तिरकी बसली असेल तर आता सरळ करत बसू नका, दाबत राहा. थोडी ओढून नीट होते. नाही झाली तर पुढच्या दोन मिनिटांनंतरच्या थांब्यात बघा.

प्लेट बसल्यावर लगेच कमानीकडे धावायची गरज नाही. हाताने दाबणं चालू आहे, तोवर कमान उचलून तिच्या दोन्ही बाजूंचे खटके उघडे आहेत ना ते बघा. दाबणारा ज्या बाजूला नाही त्या बाजूचा पाय आधी प्लेटला अडकवा. यासाठी दाबणाऱ्याला थांबावं लागत नाही. दुसरा पाय आडवा येईल तेव्हाच तो हात काढेल. हा दुसरा खंड. "थांबा" म्हणा, कमान छातीवरून पलीकडे न्या, दुसरा पाय दाबा, खटका वाजला पाहिजे. कमान एकदा वर ओढून बघा. हलली पण सुटली नाही म्हणजे लागली. आता दोन बोटांनी कप खाली दाबत छातीला टेकेपर्यंत आणा. टेकेपर्यंतच; छाती दाबली जाता कामा नये, नाहीतर मशीन तिथून पुढे मोजेल आणि खोली चुकेल. कपाची खालची कड उरोस्थीच्या खालच्या टोकाच्या जरा वर हवी. जागा पक्की करण्याचं बटण दाबा आणि सुरू करा.

मशीनचा पहिला दाब पडेपर्यंत दहा सेकंद. पंधरा झाली आणि खटका लागत नाही असं दिसलं तर एकच शब्द: "हात." दाबणारा पुन्हा सुरू. मशीन पुढच्या थांब्यात. ही माघार घ्यायची तयारी पथकात आधीच ठरलेली असावी लागते, कारण ऐन वेळी प्रत्येकाला वाटतं की आता लागलंच. लागेल लागेल म्हणत अर्धा मिनिट छाती मोकळी राहणं, हीच या मशीनची सगळ्यात मोठी हानी आहे.

सुरू झालं की काळ्या मार्करने कपाच्या भोवती त्वचेवर गोल खूण करा. दर दोन मिनिटांनी खूण आणि कप जुळतात का बघायचं. मग मानेखालून जाणारा पट्टा लावा, तो कमानीला पोटाकडे सरकू देत नाही. ट्रॉली किंवा स्ट्रेचर हलवायचं असेल तर हा पट्टा लावल्याशिवाय हलवायचं नाही. मनगटं कमानीच्या पट्ट्यांना बांधली की दारातून जाताना हात लोंबत नाहीत. शिरेतली सुई त्याच हाताला असेल तर बांधल्यावर सलाईन चालू आहे ना ते बघा.

पट्ट्याच्या मशीनमध्ये वेगळेपण एवढंच: पाठीमागचे कपडेही काढावे लागतात, काखा फळीवरच्या रेषेवर यायला हव्यात, पट्टा पिळलेला नको, आणि सुरू करायच्या आधी मशीन छातीचं माप स्वतः घेतं तेव्हा पट्ट्यावर कुणीही हात ठेवायचा नाही.

श्वास, शॉक आणि मॉनिटर

ट्यूब टाकलेली नसेल तर ३०:२ चा पर्याय. मशीन तीस दाब देऊन थांबतं, थांबायच्या आधी आवाज देतं, तेवढ्यात अंबूने दोन श्वास. ट्यूब असेल तर सलग दाब, आणि दर सहा सेकंदांनी एक श्वास. अंबू जोरात, भराभर दाबायची सवय इथे विशेष घातक ठरते; छातीत हवा कोंडली की मशीन कितीही दाबो, हृदयात रक्त परत येत नाही.

छाती दाबणारं मशीन चालू असतानाच शॉक देता येतो. रिदम बघायला मात्र थांबवावंच लागतं, कारण दाबांच्या लाटा मॉनिटरवर व्हीएफसारख्या दिसतात आणि एईडी (लय स्वतः ओळखून शॉक सुचवणारं यंत्र) गोंधळतो. थांबवा, बघा, सुरू करा. दहा सेकंदांच्या आत. अ‍ॅड्रिनॅलिन नेहमीप्रमाणे, १ मिग्रॅ दर ३ ते ५ मिनिटांनी.

मशीन चालू असताना मांडीत नाडी लागली म्हणजे हृदय चालू झालं असं नाही, ती मशीनची नाडी असू शकते. विश्वास ठेवायचा तो कॅप्नोग्राफवर. त्याचा आकडा १० (मिमी पारा) च्या खाली रेंगाळत असेल तर कप सरकला आहे का, ट्यूब जागेवर आहे का ते आधी बघा. अचानक वर गेला तर हृदय परतलं असण्याची शक्यता, मग थांबवून खात्री करा.

कधी कधी एक विचित्र गोष्ट दिसते. मशीन चांगलं दाबत असतं, मेंदूला रक्त पोचतं, आणि रुग्ण डोळे उघडतो, हात हलवतो, कमान ढकलू बघतो. मशीन थांबवलं की पुन्हा निपचित. हे हृदय परतल्याचं लक्षण नव्हे. दहा सेकंद थांबून नाडी बघा. नसेल तर मशीन सुरू ठेवा आणि डॉक्टरांनी त्याला गुंगीचं औषध द्यायचं. हे आधी ऐकलेलं नसेल तर सिस्टर घाबरून मशीन काढते, आणि त्यात तिची चूक काहीच नाही.

गाडीत

राज्यात १०८ सेवा २०१४ पासून ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली, त्यात २३३ अ‍ॅडव्हान्स लाइफ सपोर्टच्या. गाडीत मागे एक डॉक्टर, पुढे पायलट. धारूरच्या घाटात किंवा कन्नडच्या औट्रम घाटात उभं राहून हाताने छाती दाबणं म्हणजे डॉक्टरच्या जिवाशी खेळ. ब्रेक लागला की तो रुग्णावर नाहीतर ऑक्सिजनच्या सिलिंडरवर. मशीनचा खरा हक्काचा उपयोग इथे आहे. डॉक्टर पट्टा बांधून बसतो, अंबू दाबतो, खूण बघतो. स्पीडब्रेकरच्या आधी पायलटने आवाज द्यायचा, तो ओलांडला की कप बघायचा. गाडीच्या विजेवर मशीन चालवायची केबल असेल तर निघतानाच लावा, बॅटरी संपायची वाट बघू नका. बॅटरी बदलायची वेळ आलीच तर नवी बॅटरी हातात घेऊन मग जुनी काढा.

पण इथेच एक सवय फोफावते आहे आणि ती मला पटत नाही. मशीन आहे म्हणून अरेस्ट चालू असलेला प्रत्येक रुग्ण पुढे पाठवायचा. किनवटहून नांदेड, भूमहून धाराशिव, पाटोद्याहून बीड. ज्याच्या हृदयाची रेषा वीस मिनिटं सपाट आहे, कारण सापडलेलं नाही, कॅप्नोग्राफ १० च्या वर जात नाही, त्याला तासभर गाडीत दाबत नेऊन काही होत नाही. दवाखान्यातला मृत्यू फक्त गाडीतला होतो, आणि तेवढा वेळ तालुक्यातली एक रुग्णवाहिका कमी होते.

लांबवायचं ते कुणासाठी हे ठरवून घ्या. शेतात मोटारीचा शॉक बसून व्हीएफमध्ये गेलेला तरुण. विहिरीतून लगेच बाहेर काढलेला. डायलिसिसचा रुग्ण, ज्याचं पोटॅशियम वाढलेलं असण्याची शक्यता आहे: त्याला कॅल्शियम दिलं आणि मशीन चालू ठेवलं तर रिदम परत येताना दिसतो. मण्यारीच्या दंशाने श्वास थांबून अरेस्टमध्ये गेलेला. फुफ्फुसाच्या धमनीत गाठ अडकल्याच्या संशयावरून गाठ विरघळवणारं औषध दिलेला. त्या औषधानंतर ६० ते ९० मिनिटं सीपीआर चालू ठेवण्याचा विचार युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलेला आहे, आणि एवढा वेळ हाताने कोण दाबणार? अशा रुग्णांत मशीन वेळ विकत घेतं. वेळेत करण्यासारखं काही असलं पाहिजे.

दाराबाहेर उभी माणसं

मशीनच्या ठक-ठक आवाजाने वॉर्ड भरून जातो. दाराच्या काचेतून छाती वर-खाली होताना दिसते, आणि बाहेरचा प्रत्येक जण तिला श्वास समजतो. "सायेब, छाती तर हलायलीय की, मग जीव हाय ना?" हा प्रश्न येणारच. त्याला उत्तर मशीन लावल्यानंतर पाच मिनिटांत, कुणीतरी बाहेर जाऊन द्यायचं: हृदय बंद पडलेलं आहे, जे हलतंय ते मशीन हलवतंय, आम्ही हृदय चालू व्हायची वाट बघतोय, अजून झालेलं नाही. हे आधी सांगितलेलं नसेल तर मशीन बंद करणं म्हणजे जिवंत माणसाचा श्वास काढला, असं लोकांना वाटतं आणि पुढचं सगळं बिघडतं. एका जबाबदार नातेवाइकाला आत बोलवा, थांबवून सपाट रेषा दाखवा. मराठवाड्यात गाव सोबत येतं. त्यातला एक पोक्त माणूस ओळखून त्याच्याशी बोलणं सगळ्यांशी बोलण्यापेक्षा सोपं जातं.

थांबवायचा निर्णय डॉक्टरचा, आणि तो मशीनच्या बॅटरीने ठरवू नये. थांबवल्यावर मशीन काढून, छाती पुसून, कपडे झाकून मगच घरच्यांना आत घ्या. छातीवर कपाची गोल वळ असते, बरगड्या मोडलेल्या असतात. हाताने दाबल्यावरही मोडतात. विचारलं तर सरळ सांगा. हृदय परतलं तर उलट मशीन लगेच काढायचं नाही. थांबवलेल्या स्थितीत जागेवरच राहू द्या, पुन्हा अरेस्ट येणं नेहमीचं आहे.

सराव आणि नंतरचं काम

सराव पुतळ्यावर करायचा. जिवंत माणसावर मशीन कधीही चालू करायचं नाही, गंमत म्हणूनही नाही. प्लेट सरकवण्याचा सराव तेवढा एकमेकांवर करता येतो आणि तोच सगळ्यात जास्त लागतो. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि फक्त एकच आकडा मोजा: छाती किती सेकंद मोकळी राहिली. दोन खंड, दोन आकडे. फळ्यावर लिहून ठेवा, नावं लिहू नका. रात्रपाळीच्या पथकाचा सराव रात्रपाळीतच घ्या, तिघांसह. दिवसा आठ जणांनी केलेला सराव त्या रात्री कामाला येत नाही. जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, छत्रपती संभाजीनगरचं घाटी असो की अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, भूलशास्त्र विभागाला विचारलं तर पुतळा आणि शिकवणारं माणूस मिळण्याची शक्यता असते. विचारायला संकोच नको.

वापर झाल्यावर सक्शन कप फेकायचा. तो एका रुग्णासाठीच असतो. धुऊन पुन्हा लावलेला कप घट्ट बसत नाही, आणि रक्त-उलटी लागलेली असते ती वेगळीच. मशीन घेतानाच वर्षभराचे कप मागवा, नाहीतर दुसऱ्या रुग्णापासून जुगाड सुरू होतो. कमान आणि प्लेट ओल्या कापडाने, पुस्तिकेत दिलेल्या जंतुनाशकाने पुसा. पाण्यात बुडवायची नाही. कमानीचे खटके उघडून बंद करून बघा, त्यात केस आणि चिकटपट्टीचे तुकडे अडकतात. वापरलेली बॅटरी चार्जिंगला, भरलेली मशीनमध्ये, नवा कप, प्लेट पिशवीत, आणि वहीत तारीख, चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, कुणी लावलं त्याची सही.